दारापासून सुईपर्यंत किती मिनिटं?



या पानावर मी लागण, खोडवा, खताचे हप्ते यांवर लिहीत असतो. या वेळी विषय इस्पितळाचा आहे, पण हिशेब आपल्या ओळखीचाच आहे.

गेल्या हंगामात आमच्या थोरल्या चुलत्यांच्या, तात्यांच्या, अंगावरून वारं गेलं. पहाटे धार काढताना हातातली चरवी गळाली, तोंड वाकडं झालं. आम्ही आधी तेल चोळलं, मग डॉक्टरांची वाट पाहिली, मग तालुक्याला नेलं. तिथं सीटी स्कॅन नाही म्हणून शहराकडं निघालो. शहरात आधी केसपेपर, मग अनामत, मग स्कॅनचा नंबर. डॉक्टरांच्या हाती स्कॅन आला तेव्हा सहा तास उलटले होते. "इंजेक्शनची वेळ गेली," ते म्हणाले. तात्या वाचले, पण उजवा हात अजून उचलत नाही. शहरात औषध होतं, यंत्र होतं, डॉक्टर होते. चूक आमचीही झाली आणि व्यवस्थेचीही. म्हणून वाचायला बसलो, तेव्हा युरोपातल्या इस्पितळांनी हाच वेळ कसा वाचवला ते कळलं.

पक्षाघातात बहुतेक वेळा मेंदूच्या रक्तवाहिनीत गुठळी अडकते. मोठी वाहिनी बंद झाली, तर दर मिनिटाला मेंदूच्या सुमारे १९ लाख पेशी मरतात असा शास्त्रज्ञांचा अंदाज आहे. गुठळी विरघळवणाऱ्या इंजेक्शनचा उपयोग तीन नव्हे, तर साडेचार तासांपर्यंत होतो, हे युरोपातल्या एका मोठ्या चाचणीने २००८ साली दाखवलं. पण जितका उशीर, तितका गुण कमी. शिवाय काहींना गुठळी नसून रक्तस्राव असतो. त्यांना हे इंजेक्शन घातक ठरतं. म्हणून आधी स्कॅन लागतोच.

तोडलेला ऊस फडात पडून राहिला की वजन घटतं, उतारा घटतो. गव्हाणीपर्यंतचा वेळ कमी केल्याशिवाय गत्यंतर नाही. इथंही तेच.

फिनलंडमधील हेलसिंकी विद्यापीठ रुग्णालयात १९९८ साली रुग्ण दारात आल्यापासून सुई टोचेपर्यंत साधारण १०५ मिनिटं लागत. २०११ साली हा वेळ २० मिनिटांवर आला. औषध तेच होतं, बदलला तो कामाचा क्रम. एकूण १२ सुधारणा टप्प्याटप्प्यानं केल्या. त्यांतल्या मुख्य अशा:

(१) रुग्णवाहिका वाटेत असतानाच इस्पितळाला फोन जातो.

(२) रुग्ण पोचण्याआधी तपासण्यांचे कागद तयार होतात. पूर्वीची दुखणी, चालू औषधं यांची माहिती जुन्या नोंदींतून आणि घरच्यांना फोन करून घेतली जाते.

(३) स्कॅनचं यंत्र तातडीच्या विभागातच हलवलं. रुग्ण खोलीत न जाता थेट स्कॅनच्या टेबलावर जातो.

(४) स्कॅन तिथल्या तिथं वाचला जातो आणि इंजेक्शनही त्याच टेबलावर दिलं जातं.

आता प्रश्न उरतो कोणत्या इस्पितळात न्यायचं हा. लंडनमध्ये पूर्वी सुमारे ३० इस्पितळं पक्षाघाताचे रुग्ण घेत. २०१० साली ठरलं की सुरुवातीचे उपचार फक्त आठ ठिकाणी, रात्रंदिवस तज्ज्ञ ठेवून करायचे. रुग्णवाहिकेनं जवळचं इस्पितळ ओलांडून तिथंच जायचं. लोकांना ते पटेना. जवळचं सोडून लांब का, हा सवाल रास्तच होता. पण २०१४ साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात दिसलं की लंडनमधले मृत्यू देशाच्या इतर भागांपेक्षा जास्त घटले. हिशेबानं वर्षाला जवळपास शंभर जीव जास्त वाचले.

मँचेस्टर भागानंही त्याच सुमारास बदल केला, पण अर्धाच. लक्षणं सुरू होऊन चार तासांच्या आत असलेलेच रुग्ण विशेष केंद्रांत, बाकीचे जवळच्या इस्पितळात. तिथं मृत्यूंमध्ये देशाच्या मानानं वेगळा फरक पडला नाही. २०१५ साली नियम सर्वांना लागू केला, तेव्हा सुधारणा दिसू लागली. पाण्याची पाळी अर्ध्या शेतालाच दिली, तर पीकही अर्ध्यालाच येणार.

सगळा युरोप असा सुधारला आहे असं मात्र नाही. म्हणून तिथल्या पक्षाघात-तज्ज्ञांच्या संघटनेनं २०१८ साली आराखडा केला. त्यात २०३० पर्यंत दर १०० पैकी किमान ९० रुग्णांवर पक्षाघाताच्या स्वतंत्र विभागात उपचार व्हावेत, असं उद्दिष्ट आहे.

आपल्या हाती काय? हंगामाआधी आपण टोळी, गाडी, तोडणीचा क्रम ठरवतो. तसंच रात्रीही स्कॅन करून हे इंजेक्शन देणारं इस्पितळ कोणतं, हे आजच विचारून ठेवा आणि १०८ बरोबर त्याचा नंबर दाराच्या मागं लिहा. तोंड वाकडं होणं, एक हात पडणं, बोलणं अडखळणं, यांतलं एक जरी अचानक दिसलं, तरी तेल, काढा, पाणी काही न देता निघा. माणूस शेवटचा धडधाकट कधी दिसला ती वेळ ध्यानात ठेवा. चालू औषधांची चिठ्ठी सोबत घ्या, आणि वाटेतूनच इस्पितळाला फोन करा. फडातल्या तोडणी कामगारांनाही हे सांगावे, ही नम्र विनंती.

तात्यांसाठी हे उशिरा कळलं. आपल्या घरी तसं होऊ नये.

आपला,
ऊस विकास अधिकारी