समुद्रापासून लांब

जयपूरला जाऊन सुशी खा आणि लिही, असं संपादकांनी सांगितलं तेव्हा पहिला प्रश्न माशाचाच पडला. जयपूर हे वाळवंटाच्या उंबरठ्यावरचं शहर. सर्वांत जवळचा समुद्र कच्छ-सौराष्ट्राचा, तोही शेकडो किलोमीटरांवर. इथल्या राजवाड्यांतल्या मुदपाकखान्यात मान होता तो शिकारीच्या मांसाला. अशा गावात कच्च्या माशाचा महागडा पदार्थ कुणी, कशाच्या भरवशावर वाढायचा? पण एका तारांकित हॉटेलातल्या सुशीच्या काउंटरसमोर बसल्यावर माझं लक्ष माशावरून ढळलं, ते भाताकडे गेलं आणि तिथेच राहिलं. त्यामुळे हा लेख बराचसा भाताचा आहे.

जपान्यांचं येणं-जाणं या भागाला नवं नाही. दिल्ली-जयपूर महामार्गावर नीमराणा इथे जपानी कंपन्यांसाठी खास औद्योगिक क्षेत्र आहे. राजस्थान सरकारचं औद्योगिक महामंडळ 'रिको' आणि जपानची व्यापारसंस्था 'जेट्रो' यांच्यात २००६ साली झालेल्या करारातून ते उभं राहिलं. डायकिनसारखे मोठे कारखाने तिथे आले, त्यांच्याबरोबर जपानी इंजिनियर आले आणि त्यांच्या जेवणाची सोयही आली. जयपूरच्या हॉटेलांत सुशी मागणारा बहुतेक वर्ग मात्र भारतीयच आहे. सिंगापूर-दुबई पाहिलेला, लग्नसमारंभात सुशीचा वेगळा काउंटर लावणारा. आपल्याकडे या पदार्थाला प्रतिष्ठा मिळवून देण्यात मुंबईच्या ताजमहाल पॅलेसमध्ये २००४ साली सुरू झालेल्या 'वसाबी'चा वाटा मोठा. हिरोशिमात जन्मलेले आणि अमेरिकेत नाव कमावलेले शेफ मासाहारू मोरिमोतो यांच्या नावाने ते चालतं.

सुशीचा इतिहास सगळीकडे सारखाच सांगितला जातो, म्हणून तो भराभर उरकतो. आज आपण ओळखतो ती हाताने वळलेली 'निगिरी' एदोत, म्हणजे आजच्या तोक्योत, १८२०च्या दशकात रूढ झाली. तिच्याशी हानाया योहेई याचं नाव जोडलं जातं. ते रस्त्यावरच्या गाड्यांवरचं, घाईत असलेल्या माणसांचं खाणं होतं. १९२३च्या भूकंपानंतर तोक्योतले सुशीवाले देशभर पांगले आणि त्यांची रीत त्यांच्याबरोबर पसरली. १९५८ साली ओसाकाजवळ शिराइशी योशिआकी यांनी सरकत्या पट्ट्यावर बशा फिरवायला सुरुवात केली. १९७२च्या ऑगस्टमध्ये कॅनडातला ट्यूना जपान एअरलाइन्सच्या विमानाने तोक्योच्या बाजारात पोचला. तेव्हापासून मासा समुद्राला बांधलेला राहिला नाही. जयपूरचा काउंटर त्याच उड्डाणाच्या वंशातला आहे.

काउंटरमागचा शेफ गढवालचा. आपल्या मोठ्या हॉटेलांची स्वयंपाकघरं गढवाल-कुमाऊं, नेपाळ आणि ईशान्येकडच्या मुलांच्या जिवावर चालतात. समुद्र न पाहता वाढलेल्या या मुलांच्या हातात आज भारतातली कितीतरी सुशी आहे. रात्रीची वर्दळ सुरू व्हायच्या आधी तो भात तयार करतो, आणि तेच मला पाहायचं होतं.

तांदूळ जपानी जातीचा, आखूड आणि गोलसर दाण्याचा. बुंदी-कोट्याकडे पिकणारा देखणा बासमती इथे कुचकामी आहे. त्यात अमायलोज जास्त असतं, म्हणून शिजल्यावर प्रत्येक दाणा सुटा होतो आणि त्यातच त्याचा मोठेपणा असतो. सुशीला उलट स्वभावाचा दाणा लागतो, शेजाऱ्याला धरून राहणारा. तो पाणी निवळेपर्यंत धुवायचा, भिजवायचा, निथळायचा आणि जवळजवळ समभाग पाण्यात शिजवायचा. शिजला की खरं काम सुरू होतं.

गरम भात एका उथळ, रुंद लाकडी परातीत उलटतात. तिला हांगिरी म्हणतात. सरूच्या जातीचं, पॉलिश न केलेलं लाकूड, बाहेरून तांब्याच्या पट्ट्या. व्हिनेगर, मीठ आणि साखर यांचं मिश्रण भातावर ओततात आणि लाकडी उलथन्याने भात कापत कापत ते मिसळतात. ढवळायचं नाही. ढवळलं की दाणे मोडतात आणि लगदा होतो. त्याच वेळी पंख्याने वारा घालायचा. वाऱ्याने दाण्यावरचं जास्तीचं पाणी उडतं, शिजणं थांबतं, तकाकी येते. उरलेली ओल लाकूड पिऊन घेतं. स्टीलच्या परातीत हे होत नाही, तळाशी पाणी साचतं.

ही सगळी रचना जपानच्या दमट हवेत घडलेली आहे. जयपुरात मे महिन्यात लू वाहते, पारा चाळिशी ओलांडतो आणि हवेत ओल म्हणून उरत नाही. आत वातानुकूलन असतं, तेही हवा कोरडीच करतं. त्यामुळे हांगिरी आधी नीट भिजवून घेतली नाही तर तिच्या फळ्या आकसतात, तांब्याच्या पट्ट्या ढिल्या पडतात आणि तहानलेलं लाकूड भाताची गरजेची ओलही ओढून घेतं. पंखा जरा जास्त चालला की दाण्याची साल कडक होते आणि आतून तो मऊच राहतो. मग पावसाळा येतो आणि सगळं गणित उलटं होतं. तांदूळ जुना आहे की नवा, यावर पाणी बदलतं ते वेगळंच. शेफ एक दाणा जिभेवर ठेवतो, दुसरा बोटांत चुरडतो आणि ओलं फडकं झाकायचं की अजून थांबायचं ते ठरवतो. कुठलाही तक्ता त्याला हे सांगू शकत नाही. पन्नास वेळा केलेलं काम एक्कावन्नाव्या वेळी त्याच लक्षाने करणारा माणूस पाहणं हे मला फार मोठं सुख वाटतं.

पुढचं सगळं सेकंदांचं. डाव्या हातात माशाचा काप, उजव्या हातात जेमतेम दोन घासांचाही नसलेला भात. बोटाने वसाबी या झणझणीत हिरव्या चटणीचा ठिपका, दोन-चार दाब, एक उलटापालट. गोळा बोटांनी उचलता आला पाहिजे आणि जिभेवर आपोआप विस्कटला पाहिजे, म्हणजे बाहेरून बांधलेला आणि आतून हवेशीर. भात अंगाच्या उबेइतका कोमट, मासा त्याहून थंड. हा फरक मिनिटभरात मिटतो, म्हणून काउंटरवर बसून, समोर आल्याबरोबर, हाताने खायचं. सोया लावायचा तो माशाच्या बाजूला, कारण भात सोया पितो आणि फुटतो. सुशीच्या बशीचे फोटो काढत बसणाऱ्यांबद्दल मला राग नाही, पण त्यांनी पैसे ज्या गोष्टीचे मोजलेले असतात ती तोवर निघून गेलेली असते.

तोक्योतल्या गिन्झा भागात एका तळघरात 'सुकियाबाशी जिरो' नावाचं दहा आसनांचं विख्यात सुशीघर आहे. तिथले शिकाऊ वर्षानुवर्षं खालची कामं करतात आणि मग कुठे त्यांना माशाला हात लावायला मिळतो. हे ऐकून मला जयपूर-अत्रौली घराण्याची आठवण झाली. त्याचे प्रवर्तक अल्लादिया खाँसाहेब राजस्थानातल्या उणियाऱ्याचे. पण त्यांची गायकी बहरली शाहू महाराजांच्या कोल्हापुरात आणि मग मुंबईत, केसरबाई केरकर, मोगूबाई कुर्डीकर यांच्या गळ्यांतून. जिथे कुणी जीव ओतून तालीम दिली आणि कुणी ती घेतली, तिथे ते घराणं रुजलं. गढवाली हातांतून जयपुरात उतरणाऱ्या सुशीला परकी म्हणणं म्हणूनच मला जमत नाही.

आता माशाकडे वळतो. सुशी म्हणजे ताजा मासा, ही समजूत मुळातच अर्धवट आहे. सुशीचा सर्वांत जुना अवतार म्हणजे भातात महिनोन् महिने मुरवलेला मासा. बिवा सरोवराकाठी अजून होणारी फुनाझुशी त्याच जातीची, आणि तो मासा गोड्या पाण्यातला. एदोच्या गाड्यांवरही बर्फ नव्हता. म्हणून कोहादा हा छोटा मासा व्हिनेगरमध्ये मुरवायचे, ट्यूना सोयात बुडवून ठेवायचे, आनागो नावाचा सागरी वाम शिजवून घ्यायचे, पांढरा मासा कोंबू या समुद्री शेवाळाच्या पट्ट्यांत दाबायचे. क्योतो तर समुद्रापासून दूरच. वाकासाच्या किनाऱ्यावरच्या ओबामा गावातून मीठ लावलेला साबा, म्हणजे बांगड्याचा भाऊबंद, सुमारे सत्तर किलोमीटर डोंगर तुडवत क्योतोत यायचा, आणि पोचेपर्यंत मीठ नेमकं मुरलेलं असायचं. त्याची दाबून केलेली साबाझुशी हे क्योतोचं सणाचं अन्न झालं. कोकणातले खारे बांगडे आणि सुकट घाट चढून देशावर येतात, हे ज्यांनी पाहिलंय त्यांना ही वाट ओळखीची वाटेल.

माझ्या मते जयपूरने तोक्योकडे पाहण्यापेक्षा क्योतोकडे पाहावं. वाळवून टिकवण्याची विद्या या शहराच्या रक्तात आहे. केर, सांगरी, काचरी हे सगळं उन्हात वाळवलेलं, दुष्काळातही घर तारणारं. आणि सुशीच्या जुन्या परंपरेत याला जोड आहे ती कानप्योची. कानप्यो म्हणजे दुधी भोपळ्याच्या कुळातल्या फळाच्या लांब पट्ट्या, उन्हात वाळवलेल्या. जपानात तोचिगी प्रांत त्यांच्यासाठी प्रसिद्ध आहे. त्या भिजवून, सोया-साखरेत शिजवून नोरी या वाळवलेल्या समुद्री शेवाळाच्या पापुद्र्यात गुंडाळतात. एदोची ही अस्सल, जुनी, शाकाहारी सुशी.

जयपुरात हे महत्त्वाचं आहे, कारण इथे गिऱ्हाइकांत शाकाहारी आणि जैन पुष्कळ. त्यांच्यापुढे सध्या येतं ते बहुधा क्रीम चीज, अ‍ॅव्होकाडो आणि कुरकुरीत तळणीचं वेटोळं. खरं जैन ताट मांडणं मोठं अवघड काम आहे. आलं चालत नाही, म्हणजे सुशीबरोबरचं गुलाबी लोणचं गेलं. वसाबी जमिनीतलं, तेही गेलं. मुळा गेला. दाशी या पायाभूत अर्कात वाळवलेल्या बोनितो माशाचा कीस असतो, तो काढून कोंबूवर भागवावं लागतं. मिरीन या स्वयंपाकातल्या गोड द्रवात मद्यार्क असतो. एवढी गाळणी लावूनही काकडीची, कानप्योची सुशी उरते. ती नीट केली तर तिला तडजोड म्हणायचं कारण नाही.

अडचणी मात्र खऱ्या आहेत आणि थोड्या नाहीत. परदेशी मासा विमानाने आधी दिल्ली-मुंबईसारख्या मोठ्या विमानतळांवर उतरतो. दिल्लीहून पुढे जयपूर सुमारे २८० किलोमीटर. आयातीचे कागद, तपासणी, गोदाम, ट्रक यांतला एक दुवा उन्हाळ्यात तासभर सैल पडला तरी माल गेला. हिस्टामिन एकदा तयार झालं की शिजवूनही जात नाही. बांगडा, ट्यूना या कुळात हा धोका सर्वांत जास्त. अनिसाकिस नावाचा कृमी व्हिनेगरने मरत नाही. त्यासाठी अमेरिकेतल्या नियमावलीत उणे २० अंशांवर सात दिवस किंवा उणे ३५ अंशांवर पंधरा तास गोठवणं सांगितलं आहे. म्हणून 'आमचा मासा कधीच गोठवलेला नसतो' ही फुशारकी कुठल्या मेनूवर दिसली तर मला भूक नाही, काळजी वाटते. उत्तम ट्यूना उणे ६० अंशांवर ठेवतात. अशी शीतपेटी सांभाळणं, वीज गेली तरी सांभाळणं, हा खर्च बशीच्या किमतीत असतो आणि असायलाच हवा.

दुसरी काळजी माशाच्या भवितव्याची. मेनूवर सगळीकडे सामन आहे, आणि तो मुख्यतः नॉर्वेसारख्या देशांत पिंजऱ्यांत वाढवलेला. जपानी लोकही पूर्वी सामन कच्चा खात नसत. १९८०-९०च्या दशकांत नॉर्वेने चिकाटीने तो त्यांच्या गळी उतरवला. प्रशांत महासागरातल्या ब्लूफिन ट्यूनाचा साठा २०१०च्या सुमारास मूळच्या तीन टक्क्यांच्याही खाली गेला होता. मासेमारीवर कडक मर्यादा आल्यावर तो सावरला. जपानी वाम, म्हणजे उनागी, २०१४पासून संकटग्रस्त यादीत आहे, तरी तो बिनदिक्कत वाढला जातो. जयपूरचा वाटा यात नगण्य असेल, पण अशा हजार शहरांचा मिळून नगण्य नसतो.

मग आपला बांगडा का नको, असं मी शेफना विचारलं. बोटीवरच बर्फात घातलेला, नंतर नियमाप्रमाणे गोठवलेला आणि मग मीठ-व्हिनेगरमध्ये मुरवलेला बांगडा मिळाला, तर साबाझुशी जयपुरात होऊ शकते. विमानाने मुंबई ते जयपूर दोन तासांच्या आत. पण आपल्या बंदरांवर मासा टोपल्यांत, उन्हात, उघड्यावर लिलावाला बसतो आणि कच्चा खाण्याच्या दर्जाचा माल वेगळा काढायची साखळी अजून नाही. ती उभारायची तर कोळ्याला त्या जादा बर्फाचा आणि कष्टाचा भाव मिळाला पाहिजे. आज नॉर्वेच्या सामनला जो भाव न घासता देतात, त्यातला थोडा भाग रत्नागिरीच्या बोटीला द्यायची तयारी कुठल्याही हॉटेलच्या खरेदी विभागाने दाखवावी, इतकीच ही गोष्ट साधी आहे. तोवर गढवाली शेफ नॉर्वेचा सामन कापतो आहे, त्याच्या हाताखालचा मुलगा आखाती देशातल्या नोकरीसाठी पासपोर्ट काढून बसला आहे, आणि हांगिरी भिजवायचं काम उद्यापासून कुणाला शिकवायचं हे अजून ठरलेलं नाही.