बांबूवरची अँटेना आणि परवान्याचा कागद

बिहारच्या वैशाली जिल्ह्यात मन्सूरपूर नावाचं गाव आहे. २००३च्या सुमारास तिथं रेडिओदुरुस्तीचं दुकान चालवणाऱ्या एका तरुणानं सुटे भाग जमवून पन्नासेक रुपयांत ट्रान्समीटर जोडला. शेजारच्या तीन मजली दवाखान्याच्या गच्चीवर बांबू उभा केला, त्याच्या टोकाला अँटेना बांधली आणि ‘राघव एफएम मन्सूरपूर १’ हे केंद्र सुरू झालं. सिनेमातली गाणी, एड्स आणि पोलिओविषयीची माहिती, हरवलेल्या मुलांचे निरोप असं सगळं त्यावर लागायचं आणि आसपासची गावं कान देऊन ऐकायची. फेब्रुवारी २००६मध्ये बीबीसीनं या केंद्राची बातमी दिली. मार्चमध्ये सरकारनं ते बंद केलं.

ही हकीकत सांगितली की ऐकणारे दोन गटांत विभागतात. काहींना वाटतं, गावच्या भल्यासाठी चाललेलं काम दिल्लीतल्या बाबूंना बघवलं नाही. काही म्हणतात, परवाना नाही म्हणजे बंद, त्यात बोलायचं काय? मला दोन्ही बोलणी अपुरी वाटतात. ते केंद्र थांबवण्यामागचं कारण खरं होतं. पण त्या दिवशी त्या तरुणाला ‘इकडून ये’ म्हणून दाखवता येईल असं एकही दार देशाच्या कायद्यात नव्हतं. दोन्ही बाजूंचे गैरसमज दूर केल्याखेरीज हा विषय नीट कळत नाही.

“रेडिओ लहरी सरकारच्या मालकीच्या आहेत.”

हा समज आला तो जुन्या कायद्यातून. १८८५च्या भारतीय तार कायद्यानं तारयंत्रणा उभारण्याचा आणि चालवण्याचा हक्क फक्त सरकारकडे ठेवला. मार्कोनीचे प्रयोग त्यानंतर दहा वर्षांनी झाले. म्हणजे खांबावरच्या तारांसाठी केलेला कायदा पुढं बिनतारी लहरींनाही लागू झाला.

१९३३च्या बिनतारी तारायंत्र कायद्याबद्दल तर अनेकांना वाटतं की तो इंग्रजांनी बंडखोर प्रक्षेपण दडपण्यासाठीच आणला. त्याची पार्श्वभूमी वेगळी आहे. १९२७ साली मुंबईत सुरू झालेली इंडियन ब्रॉडकास्टिंग कंपनी श्रोत्यांच्या परवाना शुल्कावर जगत होती. पुष्कळ लोक परवाना न काढताच संच वापरत. १९३०मध्ये कंपनी बुडाली. परवान्याशिवाय संच नुसता जवळ बाळगणं हासुद्धा गुन्हा ठरवणारा कायदा आला तो त्यानंतर. तेव्हा ‘विनापरवाना’ हा शब्द आधी चिकटला तो चुकवेगिरी करणाऱ्या श्रोत्याला. पोस्टात जाऊन दरवर्षी रेडिओच्या परवान्याच्या पुस्तिकेवर शिक्का मारून आणल्याचं आज साठी ओलांडलेल्यांना आठवत असेल. ही पद्धत १९८०च्या दशकात संपली. आज रेडिओ ऐकायला कसलाही परवाना लागत नाही.

मालकीच्या प्रश्नाचा निकाल ९ फेब्रुवारी १९९५ रोजी लागला. क्रिकेट सामन्यांच्या प्रक्षेपणावरून बंगालची क्रिकेट संघटना आणि केंद्र सरकार यांच्यात वाद होता. न्या. पी. बी. सावंत, न्या. एस. मोहन आणि न्या. बी. पी. जीवन रेड्डी यांच्या सर्वोच्च न्यायालयाच्या खंडपीठानं सांगितलं की लहरी ही सार्वजनिक मालमत्ता आहे. हे वाक्य सगळे सांगतात, पण त्याचा दुसरा भाग सहसा सांगितला जात नाही. ही मालमत्ता मर्यादित असल्यामुळे तिच्या वापरावर सार्वजनिक प्राधिकरणाचं नियंत्रण असायला हवं, असंही त्याच निकालात आहे. गावची विहीर सगळ्यांची असते म्हणून कुणी एकटा तिच्यावर पंप बसवू शकत नाही, तसंच हे.

“एवढ्याशा ट्रान्समीटरनं कुणाचं काय बिघडतं?”

सगळ्यात जास्त वेळा ऐकू येणारा आणि सगळ्यात धोकादायक समज हाच आहे, म्हणून इथं थोडं थांबू.

आपल्याकडचा एफएमचा पट्टा १०८ मेगाहर्ट्झला संपतो. त्याला लागूनच, मध्ये मोकळी जागा न सोडता, विमानांचा पट्टा सुरू होतो. १०८ ते ११८पर्यंत विमानाला दिशा आणि धावपट्टीची मध्यरेषा दाखवणारे संकेत असतात. ११८ ते १३७पर्यंत वैमानिक आणि नियंत्रण कक्ष यांचं बोलणं चालतं. त्यातली १२१.५ ही फ्रिक्वेन्सी जगभर संकटकाळासाठी राखून ठेवलेली आहे.

रीतसर केंद्राच्या ट्रान्समीटरमध्ये फ्रिक्वेन्सी जागची हलू नये यासाठी सोय असते आणि नको त्या लहरी अडवणारे फिल्टर असतात. हाती जोडलेल्या किंवा स्वस्तात आणलेल्या यंत्रात बहुधा हेच भाग गाळलेले असतात, कारण त्यांच्यावाचूनही गाणं ऐकू येतं. मग यंत्र तापलं की फ्रिक्वेन्सी सरकते. ८८ मेगाहर्ट्झवर बोलणारं यंत्र त्याच्या दुपटीवर, १७६वरही कुजबुजतं. शिवाय जवळजवळच्या दोन ट्रान्समीटरच्या लहरी एकमेकांत मिसळून तिसरीच फ्रिक्वेन्सी जन्माला येते. उदाहरणादाखल एक १०७वर आणि दुसरा ९२.५वर आहे असं धरा. १०७ची दुप्पट २१४. त्यातून ९२.५ वजा केले की उरतात १२१.५. दोघांपैकी कुणीही त्या फ्रिक्वेन्सीवर बोलत नसतो, तरी गाण्याचे तुकडे नेमके विमानांच्या संकटकाळच्या फ्रिक्वेन्सीवर उमटू शकतात.

प्रत्येक छोट्या ट्रान्समीटरमुळे असं घडतंच असं नाही. पण घडतंय की नाही, हे बांबूखाली बसलेल्या माणसाला कळायला मार्ग नसतो. त्याच्या रेडिओवर तर गाणं छान लागलेलं असतं. खेड्यात विमानतळ कुठं आहे, असं कुणी विचारील. विमानतळ नसला तरी विमान डोक्यावरून जातं, आणि दहा किलोमीटर उंचीवरच्या विमानाला खालचा ट्रान्समीटर शेजारच्या गावापेक्षाही मोकळा दिसतो, कारण मध्ये डोंगर, झाड, भिंत काहीच नसतं.

“छोटं केंद्र कोण शोधणार?”

लहर सोडणं म्हणजे अंधारात दिवा लावणं. तो दिसतोच. केंद्रीय दूरसंचार विभागाच्या अखत्यारीत १९५२पासून बिनतारी लहरींवर लक्ष ठेवणारी यंत्रणा आहे. तिची केंद्रं देशभर आहेत, मुंबई आणि नागपूरलाही आहेत. उपग्रहांच्या लहरी तपासणारं तिचं केंद्र तर आपल्या जालन्यात आहे. अनोळखी लहर सापडली की दिशादर्शक अँटेना लावलेल्या गाड्या दोन-तीन ठिकाणांहून ती कुठल्या दिशेनं येतेय ते मोजतात. नकाशावर त्या रेषा ओढल्या की जिथं छेदतात तिथं ट्रान्समीटर असतो. बहुतेक वेळा तर तेवढंही करावं लागत नाही. हस्तक्षेप ज्याला सोसावा लागतो तोच तक्रार करतो.

याच संदर्भात काँग्रेस रेडिओची गोष्ट सांगितली जाते, आणि थोडी चुकीची सांगितली जाते. ‘छोडो भारत’ चळवळीत नेते तुरुंगात गेले होते, वर्तमानपत्रांवर निर्बंध होते. अशा वेळी २७ ऑगस्ट १९४२ रोजी मुंबईतून ४२.३४ मीटर तरंगलांबीवर एक आवाज आला. बावीस वर्षांच्या उषा मेहता, विठ्ठलदास झवेरी, चंद्रकांत झवेरी, बाबूभाई खाकर आणि त्यांच्या सोबत्यांनी हे केंद्र उभं केलं होतं. राममनोहर लोहियांची त्यांना साथ होती. पोलिसांच्या दिशाशोधक गाड्या शहरभर फिरत, म्हणून चौपाटी, लॅबर्नम रोड अशा जागा एकामागून एक बदलाव्या लागत. १२ नोव्हेंबरला गिरगावच्या पारेख वाडीत धाड पडली. पण केवळ यंत्रानं घात केला असं नाही. पकडल्या गेलेल्या एका तंत्रज्ञानं पोलिसांना वाट दाखवली होती. उषाबेन चार वर्षांच्या शिक्षेवर येरवड्याला गेल्या.

गोमंतकीय वाचकांना दुसरी आठवण असेल. नोव्हेंबर १९५५पासून वामन सरदेसाई आणि लिबिया लोबो यांनी आंबोलीच्या जंगलातून आणि पुढं कॅसलरॉकहून कोंकणी आणि पोर्तुगीज भाषांत ‘गोव्याच्या सोडवणुकीचा आवाज’ चालवला, तो १९६१मध्ये गोवा मुक्त होईपर्यंत.

या दोन्ही केंद्रांबद्दल माझ्या मनात अपार आदर आहे. म्हणूनच आज विनापरवाना केंद्राच्या समर्थनासाठी त्यांची नावं घेतली की मला ते खटकतं. १९४२च्या मुंबईत किंवा पोर्तुगिजांच्या गोव्यात परवाना मागायची सोयच नव्हती. लोकांचा आवाज बंद करणं हाच तिथं कायद्याचा हेतू होता. गाणी लावून जाहिराती मिळवणाऱ्या आजच्या चोरट्या केंद्राला ती सावली देऊ नये.

“ऑनलाइन सहज मिळतं, म्हणजे कायदेशीरच असणार.”

नाही. वाय-फाय, ब्लूटूथ, ठरावीक पट्ट्यातले कमी ताकदीचे वॉकीटॉकी यांना परवान्यातून सूट आहे, आणि ती पट्टा व ताकद यांच्या मर्यादेतच आहे. खोक्यावर ‘लायसन्स-फ्री’ छापलेलं असलं तरी ते आपल्या देशाच्या नियमांप्रमाणे खरं असेलच असं नाही. मे २०२५मध्ये केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणानं वॉकीटॉकींच्या बेकायदा विक्रीवरून तेरा ऑनलाइन विक्रेत्यांना नोटिसा दिल्या, त्या याच कारणानं.

शिक्षेबद्दलही दोन टोकांचे समज आहेत. कुणाला वाटतं शंभर रुपये दंड भरला की सुटलो, कुणाला वाटतं थेट देशद्रोह. १९३३च्या जुन्या कायद्यात परवान्याशिवाय ट्रान्समीटर बाळगल्यास तीन वर्षांपर्यंत कैद किंवा हजार रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही होतं. टप्प्याटप्प्यानं लागू होत असलेल्या २०२३च्या दूरसंचार कायद्यात परवानगीशिवाय सेवा किंवा जाळं उभारल्यास तीन वर्षांपर्यंत कैद किंवा दोन कोटी रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही अशी तरतूद आहे. एका हजारापासून दोन कोटींपर्यंत गेलेला हा आकडा मोठ्या कंपन्या डोळ्यांसमोर ठेवून लिहिला आहे. गावातल्या पोराला तो लावताना अधिकाऱ्यांनी तारतम्य ठेवावं, असं मला मनापासून वाटतं.

“माझ्याकडे हॅमचा परवाना आहे, मी गाणी लावू शकतो.”

लावता येत नाहीत. परीक्षा देऊन मिळणारा हा परवाना एका हौशी प्रेषकानं दुसऱ्याशी बोलावं, तंत्र शिकावं, आपत्तीत निरोप पोचवावेत यासाठी आहे. सर्वांसाठी कार्यक्रम, संगीत, जाहिराती त्यात बसत नाहीत. याउलट इंटरनेट रेडिओला फ्रिक्वेन्सी लागतच नाही, त्यामुळे तिचा परवानाही लागत नाही. मात्र गाण्यांच्या स्वामित्वहक्काची परवानगी तिथंही घ्यावी लागते.

“सामान्य माणसांना स्वतःचा रेडिओ मिळूच शकत नाही.”

२००२पर्यंत हे खरं होतं. त्या वर्षी शिक्षणसंस्थांना परवानगी मिळाली आणि १ फेब्रुवारी २००४ रोजी चेन्नईच्या अण्णा विद्यापीठाचं केंद्र सुरू झालं. स्वयंसेवी संस्थांना दार उघडलं ते नोव्हेंबर २००६मध्ये, मन्सूरपूरचं केंद्र बंद झाल्यावर आठ महिन्यांनी. आज देशात सामुदायिक रेडिओची केंद्रं पाचशेच्या घरात आहेत. सातारा जिल्ह्यात म्हसवडला ‘माणदेशी तरंग वाहिनी’ आहे, पुण्यात विद्यापीठाची ‘विद्यावाणी’ आहे.

तेलंगणातल्या माचनूरचं ‘संघम रेडिओ’ मला यातलं सगळ्यात मोलाचं वाटतं. डेक्कन डेव्हलपमेंट सोसायटीशी जोडलेल्या दलित शेतकरी स्त्रियांनी १९९०च्या दशकाच्या अखेरीस तिथं ध्वनिमुद्रण सुरू केलं. बियाणं, भरडधान्यं, आजार, गाणी, आपल्या बोलीतल्या गोष्टी त्यांनी टेपवर साठवल्या. परवाना नव्हता. त्यांनी लहर सोडली नाही. कॅसेटी गावोगावच्या संघमच्या, म्हणजे स्त्रियांच्या गटांच्या, बैठकांना नेल्या आणि तिथं वाजवल्या, वर्षानुवर्षं. १५ ऑक्टोबर २००८ रोजी त्यांचा आवाज पहिल्यांदा हवेतून गेला. त्यांच्या चिकाटीला तोड नाही, पण शेतकरी बायकांना आपलं म्हणणं शेजारच्या गावाला ऐकवण्यासाठी एवढी वाट पाहायला लावणं हा राज्यकर्त्यांचा दोष आहे, आणि तो स्पष्ट म्हटला पाहिजे.

परवान्याची वाट आजही सोपी नाही. माहिती व प्रसारण मंत्रालयाकडे अर्ज, इतर खात्यांची छाननी, इरादापत्र, फ्रिक्वेन्सीचं वाटप, मंत्रालयाशी करार आणि शेवटी दूरसंचार विभागाचा बिनतारी परवाना. ट्रान्समीटरची प्रक्षेपणशक्ती साधारणपणे १०० वॉटपर्यंतच. जाहिरातींना तासाला बारा मिनिटं, तीही २०२४पासून, आधी सातच होती. बातम्या म्हणाल तर आकाशवाणीच्याच, जशाच्या तशा किंवा स्थानिक बोलीत भाषांतर करून.

आणि अर्ज करायचा तो संस्थेनंच. ती ना नफा तत्त्वावरची, नोंदणी होऊन किमान तीन वर्षं झालेली आणि लोकांमध्ये काम केलेली असावी लागते. व्यक्तीला सामुदायिक रेडिओचा परवाना मिळत नाही. मन्सूरपूरच्या दुकानातला तो तरुण आज, चांगला फिल्टर लावलेलं यंत्र आणि ऐकणारी सगळी गावं पाठीशी घेऊन अर्ज करायला गेला, तरी तो अडेल संस्थेच्या नावाच्या रकान्याशी.