भिंतीवरचा कामगार आणि पेन्शनीचा सौदा

चित्रसंग्रहालयाशी कामगाराचा संबंध काय, असे आम्हांला पुष्कळदा विचारण्यात येते. उत्तरादाखल आम्ही अमेरिकेतील डेट्रॉइटच्या कलासंग्रहालयाकडे बोट दाखवितो. तेथे प्रदर्शने येतात नि जातात. पण एका दालनातले प्रदर्शन १९३३ पासून हललेले नाही, कारण ते भिंतींतच मुरलेले आहे. ओल्या गिलाव्यावर रंग चढवून काढलेली ही सत्तावीस चित्रे मेक्सिकोचे चित्रकार दिएगो रिव्हेरा यांची आहेत.

काळ मोठा कठीण होता. ७ मार्च १९३२ रोजी हजारो बेकार कामगार फोर्ड कंपनीच्या रूज कारखान्यावर मोर्चा घेऊन गेले. त्यांच्यावर गोळीबार झाला. चौघे तेव्हा मेले. पाचवा पुढे दगावला. त्यानंतर थोड्याच आठवड्यांनी रिव्हेरा त्या शहरात आले आणि त्याच कारखान्यात फिरून टिपणचित्रे काढू लागले. पैसे दिले कंपनीचे अध्यक्ष एड्सेल फोर्ड यांनी; चित्रकार मात्र साम्यवादी विचारांचा!

उत्तरेच्या भिंतीवर इंजिन तयार होते आहे, दक्षिणेच्या भिंतीवर मोटारीची जोडणी चालली आहे. पण तयार मोटार शोधून पाहावी लागते, इतकी ती लहान व दूर आहे. डोळ्यांत भरतात ती वाकलेली पाठ, ताणलेले दंड आणि कामावर नजर ठेवणारा मुकादम. माल दिसतो, माणूस दिसत नाही, हा बाजाराचा रिवाज चित्रकाराने उलटा केला.

चित्रे खुली होताच ओरड झाली. भिंतीला चुना फासा, असेही म्हटले गेले. फोर्ड यांनी चित्रे राखली. न्यूयॉर्कच्या रॉकफेलर सेंटरमधले रिव्हेरांचे चित्र मात्र १९३४ साली फोडून टाकण्यात आले. त्यात लेनिनचा चेहरा होता.

खरी कसोटी पुढे लागली. जुलै २०१३ मध्ये डेट्रॉइट शहराने दिवाळे जाहीर केले. देणे सुमारे १,८०० कोटी डॉलर. संग्रहालयातील कलाकृती विका, असा धनकोंचा रेटा सुरू झाला. शहराच्या पैशाने घेतलेल्या कलाकृतींचीच किंमत ४५ ते ८७ कोटी डॉलरच्या दरम्यान ठरविण्यात आली. एकीकडे चित्रे, दुसरीकडे निवृत्त नोकरांची पेन्शन. पेन्शनर म्हातारीला कोणी विचारले, ‘तुला चित्र हवे की औषध?’ तर तिने काय सांगावे?

वाटाघाटींत बसणाऱ्या माणसाने हा डाव ओळखला पाहिजे. दोन गरजूंना एकमेकांसमोर उभे केले, की कर्ज कोणी, कसे वाढविले, हा प्रश्न मागे पडतो. डेट्रॉइटला तिसरी वाट निघाली. धर्मादाय संस्था, राज्य सरकार आणि खुद्द संग्रहालय यांनी मिळून वीस वर्षांत ८१ कोटी ६० लाख डॉलर पेन्शनीसाठी देण्याचे कबूल केले. संग्रह शहराच्या हातून स्वतंत्र संस्थेकडे गेला. नोव्हेंबर २०१४ मध्ये न्यायालयाने योजना मान्य केली.

हा पूर्ण विजय नव्हे. सामान्य नोकरांची मूळ पेन्शन साडेचार टक्क्यांनी कापली गेली, वार्षिक वाढही गेली. साहेबांनी चित्रे वाचविली आणि म्हाताऱ्यांनी किंमत मोजली, असे म्हणणाऱ्यालाही आम्ही खोटे म्हणणार नाही. पण चित्रे विकली असती, तर ती परत आली नसती. आणि पेन्शन पुरी मिळालीच असती, याची हमी कोण देत होते?

भिंतीवरचा कामगार आजही इंजिन ओढतो आहे. त्याच्यासमोर उभे राहण्याचा हक्क आणि म्हातारपणी भाकरीचा हक्क, दोन्ही आमचेच आहेत. एकासाठी दुसरा सोडा, असे कोणी सांगितले, तर आधी हिशेबाची वही मागावी.