किल्ट, धोतर आणि घोंगडं : उघड्या पायांना थंडी कशी झेपते?



पेट परीक्षेची तयारी करणारे बरेच जण विचारतात, "संशोधनाचा प्रश्न शोधायचा कुठं?" आज एक प्रश्न आपण सोबतच उलगडू.

स्कॉटलंडमधला किल्ट तुम्ही चित्रात पाहिला असेल. कमरेपासून गुडघ्यापर्यंत लोकरीचं चुणीदार वस्त्र, खाली उंच मोजे आणि मध्ये उघडे गुडघे. तिथल्या बोचऱ्या थंडीत हे कसं चालतं? प्रश्न परदेशी वाटतो, पण आमच्या माधवनगरच्या आसपास दिवाळीनंतर शेतात मेंढरं बसवायला येणारे धनगर बघा. आखूड धोतर, उघड्या पोटऱ्या, खांद्यावर घोंगडं. जानेवारीच्या पहाटे सांगलीकडं पारा १२-१४ अंशांवर येतो. तरी गडी कळपामागं निवांत चालत असतो.

कुणालाही विचारा, उत्तर येतं, "सवय असते त्यांना." सवयीचा वाटा असेलही. पण 'सवय' म्हटलं की काहीही स्पष्ट केल्यासारखं वाटतं आणि तपासता काहीच येत नाही. संशोधकानं इथं थांबायचं नाही. प्रश्नाचे तुकडे करायचे.

पहिला तुकडा : पायातून उष्णता जाते किती?

ढोबळ हिशोब करू. दोन्ही पोटऱ्यांचं मिळून क्षेत्रफळ साधारण ०.२ चौरस मीटर धरा. त्वचा २८ अंश, हवा १२ अंश, म्हणजे फरक १६. वारा फारसा नसेल तर दर चौरस मीटरला, दर अंश फरकामागं सुमारे १० वॅट उष्णता जाते. गुणाकार करा : ०.२ × १० × १६ = ३२ वॅट.

आता शरीराची मिळकत बघा. शांत बसलेला माणूस साधारण १०० वॅट उष्णता तयार करतो. सपाटीवर बऱ्यापैकी वेगानं चालणारा सुमारे २५० वॅट. म्हणजे चालताना जास्तीचे १५० वॅट मिळतात आणि उघड्या पोटऱ्या त्यातले ३२ घालवतात. वारा सुटला आणि १० चा आकडा २५ झाला, तर ८० जातील. तरीही हिशोब जमतो.

बसल्यावर मात्र गणित फिरतं. १०० च्या मिळकतीत ८० नुसत्या पोटऱ्यांतून गेले तर कसं भागणार? अशा वेळी शरीर त्वचेकडचा रक्तपुरवठा कमी करतं, त्वचा गार पडते आणि गळती घटते. पण गारठा जाणवतोच. म्हणून चालताना खांद्यावर असलेलं घोंगडं बसल्यावर पायांवर येतं. 'उघड्या पायांना थंडी वाजते का?' हा प्रश्न अपुरा आहे. 'काय करत असताना, किती वाऱ्यात?' हे जोडलं की तो संशोधनाचा प्रश्न होतो.

दुसरा तुकडा : ऊब कापडाची की हवेची?

स्थिर हवा ही उष्णतेची फार वाईट वाहक आहे. लोकरीचा तंतू स्वतः हवेपेक्षा जास्त उष्णता वाहून नेतो. लोकरीचं खरं काम हवा धरून ठेवायचं. तिचे तंतू कुरळे असतात, त्यामुळं कापड दाबलं तरी पुन्हा फुगतं.

कपड्याचा उष्णतारोध 'क्लो' या एककात मोजतात. गॅग, बर्टन आणि बॅझेट यांनी १९४१ मध्ये ते मांडलं. २१ अंशांच्या खोलीत शांत बसलेल्या माणसाला आरामात ठेवणारे कपडे म्हणजे १ क्लो. कापडाच्या दर सेंटीमीटर जाडीला साधारण १.६ क्लो मिळतात. घोंगडं ४ मिलिमीटर जाड धरलं तर एका पदराचा ०.६ क्लो, दुहेरी केलं की जवळपास दुप्पट. किल्टचंही तसंच. त्याला ७ मीटरच्या आसपास कापड लागतं आणि बरंचसं मागच्या चुण्यांत जातं. म्हणजे एका जागी कापडाचे अनेक पदर आणि मध्ये हवा. धोतराच्या निऱ्याही हेच करतात, फक्त कापड सुती आणि पातळ.

तिसरा तुकडा : ओल

पाणी स्थिर हवेपेक्षा वीस-पंचवीस पट जास्त उष्णता वाहतं. कापडातल्या हवेची जागा पाण्यानं घेतली की ऊब संपली. पहिल्या महायुद्धात स्कॉटिश पलटणी किल्ट घालूनच खंदकात होत्या. चिखलानं भिजलेल्या किल्टची कड थंडीत गोठायची आणि मांड्या-गुडघे सोलवटून काढायची. शिवाय चुण्यांत उवा. दुसऱ्या महायुद्धाच्या सुरुवातीला लढाईच्या पोशाखातून किल्ट काढून टाकला गेला.

पण लोकरीचा एक गुण इथं लक्षात घ्या. ती आपल्या वजनाच्या सुमारे ३० टक्के बाष्प आत घेऊनही हाताला ओली लागत नाही, आणि बाष्प घेताना उष्णता सोडते. दोन किलोच्या घोंगड्यानं रात्रीच्या दमट हवेतलं २०० ग्रॅम बाष्प घेतलं, तर साधारण ५०० किलोज्यूल उष्णता सुटते. त्यातली बरीच बाहेर जाते, आणि लोकर भरली की हे थांबतं. दुसऱ्या दिवशी घोंगडं उन्हात टाकलं की पुन्हा तयार.

आता तक्त्यातला सापळा

कपड्यांचे क्लो आकडे तयार मिळतात. 'ॲश्रे' या अमेरिकी संस्थेच्या प्रसिद्ध तक्त्यात जाड पँट ०.२४ आणि गुडघ्यापर्यंतचा जाड स्कर्ट ०.२३. म्हणजे फरक जवळपास नाहीच! किल्ट आणि पँट सारखेच, असा निष्कर्ष काढायचा का?

थांबा. हे आकडे स्थिर हवेत उभ्या केलेल्या, आतून तापवलेल्या पुतळ्यावर मोजलेले असतात. पुतळा चालत नाही. माणूस चालला की घेर हलतो, भात्यासारखी आतली गरम हवा बाहेर आणि गार हवा आत येते. खालून उघड्या वस्त्रात हे जास्त होतं. शिवाय क्लो हा अख्ख्या शरीराचा आकडा, गार पडलेला गुडघा त्यात वेगळा दिसत नाही. म्हणून कुठलाही आकडा उचलताना तो कशावर, कोणत्या स्थितीत मोजला, हे आधी वाचा. तोंडी परीक्षेत नेमकं हेच विचारतात.

आणखी एक. त्या मूळ तक्त्यात शर्ट, पँट, स्कर्ट आहेत. धोतर, घोंगडं नाही. साडीवर माधवी इंद्रगंती आणि सहकाऱ्यांनी काम केलंय. नेसण्याची पद्धत बदलली की त्याच साडीचा उष्णतारोध बदलतो, हे त्यांनी पुतळ्यावर मोजून दाखवलं. हीच वाट धोतराला लागू पडते.

तुम्ही काय करू शकता?

महागडा पुतळा नसला तरी सुरुवात होते. भारतीय शास्त्रज्ञ एन. एल. रामनाथन यांनी १९६४ मध्ये चारच जागांवरून त्वचेचं सरासरी तापमान काढायचं सूत्र दिलं : छाती आणि दंड प्रत्येकी ०.३, मांडी आणि पोटरी प्रत्येकी ०.२. पोटरी ५ अंशांनी गार झाली, तर सरासरी फक्त १ अंशानं उतरते. चार संवेदक, एक वाऱ्याचा वेग मोजायचं यंत्र, आणि 'किती थंडी वाजते' याची उणे ३ ते अधिक ३ अशी नोंद. बसून आणि चालून, घोंगड्यासह आणि घोंगड्याविना, अशा चार स्थिती. त्याच माणसाची स्वतःशीच तुलना करा, म्हणजे सवयीचा मुद्दा आपोआप बाजूला पडतो. माणसांवरचा प्रयोग असल्यानं नैतिकता समितीची परवानगी आणि सहभागींची लेखी संमती आधी घ्या.

हे काम लांबणीवर टाकण्यासारखं नाही. दख्खनी मेंढीची जाडीभरडी लोकर, चिंचोक्याची खळ आणि सणगरांचा हातमाग यांतून घोंगडं तयार होतं. बाजारात आता स्वस्त सिंथेटिक ब्लँकेट आलीत आणि मेंढी मुख्यतः मांसासाठी पाळली जाते. विणणारे हात आणि वापरणारी माणसं आहेत तोवर मोजमाप करता येईल. पुढं हाती राहील ते संग्रहालयातलं घोंगडं. ते कसं पांघरायचं, हे ते सांगणार नाही.

तेव्हा संशोधन प्रस्ताव लिहायला बसाल, तेव्हा आधी 'सवय', 'परंपरा', 'निसर्गतः' हे शब्द खोडा. त्या जागी वॅट, अंश किंवा मिनिट यांपैकी काय बसतं, ते बघा.