कोकणाची बॅग: यवतमाळच्या शिलाई व्यवसायासाठी एक सीझनल आयडिया



मे महिना आला की आपल्याकडची कितीतरी कुटुंबं धामणगाव किंवा बडनेऱ्याहून गाडी धरतात आणि मुंबईमार्गे अलिबाग, गणपतीपुळे, मालवणला जातात. जाताना बॅग भरतात ती यवतमाळच्या हिशोबाने, आणि तिथेच गडबड होते. तुम्ही शिलाईकाम करत असाल किंवा छोटं कापड दुकान चालवत असाल, तर ही गडबड म्हणजे तुमचं काम आहे.

आधी ग्राहकाची अडचण समजून घ्या

आपल्याकडे मे महिन्यात पारा 42-44 वर जातो. कोकणात तो साधारण 32-34 असतो. तरी माणूस तिथे जास्त घामाघूम होतो. का? आपली हवा कोरडी, घाम लगेच उडून जातो. कोकणातली हवा आधीच दमट, त्यामुळे घाम अंगावरच राहतो. आपला वाळ्याचा कूलर कोकणात चालत नाही, त्याचंही कारण हेच.

म्हणजे इथे रात्री दोरीवर टाकलेली जीन्स सकाळी वाळते, तिथे दुसऱ्या दिवशीही ओली. ओले कपडे प्लॅस्टिकच्या पिशवीत कोंबले की कुबट वास येतो, बुरशीचे काळे ठिपके पडतात.

5 दिवसांच्या बॅगेत काय हवं? (एका माणसासाठी)

- पातळ सुती, सैल कुर्ते किंवा शर्ट: 4. जाड सुती नको, ते घाम शोषतं पण वाळत नाही.
- सैल पातळ पँट किंवा सलवार: 3. जीन्स एकच, प्रवासापुरती.
- आतले कपडे: रोजचा एक, वर 2 जास्तीचे.
- समुद्रात जायला: नायलॉन किंवा पॉलिस्टरचा एक जोड. सुती कपडा भिजून जड होतो, खाऱ्या पाण्याने मांड्या घासतात.
- टर्किश टॉवेलऐवजी पंचा किंवा दुपट्टा. लवकर वाळतो, उन्हात डोक्यालाही बांधता येतो.
- रंग: छापील किंवा पांढरे. राखाडी, आकाशी रंगावर घामाचे डाग उठून दिसतात.
- लहान मुलांचे वरचे कपडे दुप्पट. एसी डब्यासाठी एक शाल.

ही यादी छापून काउंटरवर ठेवा आणि फुकट द्या. यादी हातात आली की ग्राहक स्वतःच विचारतो, "यातलं तुमच्याकडे काय काय आहे?"

आता हिशोब

समजा, एका मलमल कुर्त्याला कापड 260, शिलाई 150, धागा-बटण 15, पिशवी 15. एकूण 440 रुपये. विक्री 600, तर हातात 160. आकडे तुमच्या गावच्या भावाने बदला, रीत तीच ठेवा.

आता खरी गंमत बघा. ऑर्डर घेताना 300 रुपये ॲडव्हान्स घ्या. कापड, धागा-बटण आणि पिशवी मिळून लागतात 290. म्हणजे मालात तुमच्या खिशातला एक रुपयाही अडकत नाही. 5 कुटुंबं, प्रत्येकी 4 कुर्ते धरले तर 20 कुर्ते आणि 3,200 रुपये नफा. शिलाई स्वतः केली तर 150 प्रमाणे 3,000 मजुरीही घरातच.

याउलट, आधीच 20 कुर्ते शिवून ठेवले आणि माप जुळलं नाही, तर भांडवल पुढच्या मे महिन्यापर्यंत कपाटात पडून.

तीन गोष्टी चुकवू नका

1. सुती कापड आधी भिजवून वाळवा, मगच कापा. पहिल्या धुण्यात आखडलेला कुर्ता म्हणजे गेलेला ग्राहक.
2. बुकिंग मार्चमध्ये सुरू करा. एप्रिल-मेमध्ये लग्नसराईची शिलाई डोक्यावर असते.
3. कतरणीतून नाडीची पिशवी शिवून द्या, ओल्या कपड्यांसाठी. त्यावर दुकानाचं नाव आणि मोबाईल नंबर छापा. ती पिशवी शेजारणीही बघतात!

आपला जिल्हा कापूस पिकवतो, पण कापसाचा जास्तीचा पैसा शिवलेल्या कपड्यात आहे. या आठवड्यात एवढंच करा: ओळखीतल्या 10 कुटुंबांना विचारा, सुट्टीत कुठे जाताय? त्यातल्या दोघांनी जरी "कोकण" म्हटलं, तरी मापाची टेप काढा.