पृष्ठ न बदलता प्रपत्राची नोंद

दाखल-खारीज रजिस्टरची ओळख प्राथमिक शिक्षकास करून देण्याचे कारण नाही. मुलाचे नाव, जन्मतारीख, आधीची शाळा ही माहिती त्यात एकदा शाईने लिहिली की ती शाळा सोडल्याच्या दाखल्यापर्यंत त्या मुलाची सोबत करते. हीच माहिती आता संगणकावरील प्रपत्रातही भरावी लागते, आणि तेथे शाईची जागा 'सबमिट' या बटणाने घेतली आहे. बटण दाबल्यावर नेमके काय घडते हे डोळ्यांस दिसत नाही. परंतु मुलाची नोंद झाली की राहिली, हे त्यावरच ठरत असल्यामुळे ते समजून घेणे अगत्याचे आहे.

मूळच्या पद्धतीत बटण दाबताच ब्राउझर प्रपत्रातील सर्व मजकूर सर्व्हरकडे, म्हणजे माहिती सांभाळणाऱ्या दूरच्या संगणकाकडे, धाडतो व उत्तरादाखल संपूर्ण नवे पृष्ठ मागतो. एका रकान्यात चूक निघाली तरी पृष्ठ नव्यानेच येते, आणि भरलेला मजकूर त्यात परत घालण्याची तजवीज रचनाकाराने केली नसेल, तर सगळे रकाने कोरे दिसतात. एका तारखेच्या दुरुस्तीसाठी सबंध पान पुन्हा आखून लिहावे, तशातलाच हा प्रकार. ही पद्धत आजही पुष्कळ ठिकाणी चालू आहे.

पृष्ठ जागेवर ठेवून सर्व्हरशी व्यवहार करण्याची सोय मायक्रोसॉफ्टच्या इंटरनेट एक्स्प्लोरर ५ या ब्राउझरमध्ये १९९९ साली आली. आउटलुक टपालाचे वेबवरील रूप रचणाऱ्या मंडळींना ती हवी होती. पुढे २००४ साली जीमेल आणि २००५ साली गूगलचे नकाशे यांमुळे तिचे सामर्थ्य सर्वांच्या नजरेस आले, आणि २००५ सालीच जेसी जेम्स गॅरेट यांनी या रीतीस 'एजॅक्स' हे नाव दिले. नाव पडले तेव्हा वस्तू सहा वर्षांची झाली होती.

हिची क्रिया अशी. बटण दाबल्याची वर्दी पृष्ठात लिहिलेल्या जावास्क्रिप्ट भाषेतील सूचनांना मिळते. त्या ब्राउझरला नवे पृष्ठ मागण्यापासून थोपवितात, रकान्यांतील मजकूर गोळा करतात व पडद्याआडून सर्व्हरकडे पाठवितात. सर्व्हर तो तपासतो आणि डेटाबेसमधील योग्य तक्त्यात एक ओळ लिहितो. त्यानंतर तो एक छोटेसे उत्तर धाडतो: नोंद झाली, तिचा क्रमांक अमुक, किंवा जन्मतारीख ग्राह्य नाही. ते उत्तर त्या रकान्याशेजारी उमटते. बाकीचे पृष्ठ हालत नाही, व भरलेले एक अक्षरही जात नाही.

येथेच एक फसगत संभवते. शिपाई लखोटा घेऊन निघाला, एवढ्यावरून तो तालुक्याच्या कचेरीत पोचला असे कोणी मानीत नाही. तेथील आवक क्रमांक व पोच हाती यावी लागते. काही प्रपत्रांत मात्र बटण दाबताक्षणीच 'जतन झाले' ही अक्षरे उमटतात. हा रचनेतील उघड दोष होय. ओळ डेटाबेसमध्ये कायम झाल्याचे उत्तर सर्व्हरकडून परत आल्यावरच ती अक्षरे उमटावयास हवीत. तोवर 'पाठवीत आहे' एवढेच म्हणणे खरे.

उत्तर आलेच नाही तर काय समजावे? मजकूर वाटेतच अडकला असेल, किंवा सर्व्हरने नोंद केली असेल आणि केवळ उत्तर वाटेत हरवले असेल. पडद्यासमोर बसलेल्या शिक्षकास हे दोन्ही प्रसंग सारखेच दिसतात. तो साहजिकच पुन्हा बटण दाबतो. पहिला प्रसंग असेल तर काम होते. दुसरा असेल तर एकाच वर्गात एकाच जन्मतारखेच्या दोन सुनंदा निघतात, पट एकाने फुगतो, आणि पाठ्यपुस्तकांच्या मागणीपर्यंत ती चूक जाऊन पोचते. एकदा दाबल्यावर बटण काही काळ निष्क्रिय ठेवणे हा उपाय अपुरा आहे. खरा उपाय दाखल-खारीज रजिस्टरमध्येच सापडतो: एक मूल, एक क्रमांक. प्रपत्र उघडतानाच त्यास एक स्वतंत्र क्रमांक द्यावयाचा, प्रत्येक प्रयत्नात तोच पाठवावयाचा, आणि त्या क्रमांकाची दुसरी ओळ घ्यावयाची नाही अशी ताकीद डेटाबेसला देऊन ठेवावयाची. मग बटण दहा वेळा दाबले गेले तरी सुनंदा एकच राहते.

एखाद्या शिक्षकास आपल्या शाळेसाठी असे प्रपत्र स्वतः रचावयाचे असेल, तर आणखी एक दक्षता घ्यावी. रोमन लिपीत डिसोझा हे आडनाव लिहिताना कित्येक कुटुंबे डी या अक्षरापुढे एक अवतरणखूण देतात. वसईकडील किंवा सावंतवाडीकडील शाळांस हे नवीन नाही. डेटाबेसच्या आज्ञेत मजकूर कोठे संपला हे दाखविण्यासाठी तीच खूण वापरली जाते. नाव आज्ञेत सरळ चिकटवून दिले, तर आज्ञा मध्येच तुटते व त्या बिचाऱ्या मुलाची नोंद होत नाही. आणि त्याच फटीतून एखादा दुष्ट मनुष्य स्वतःची आज्ञा आत घुसवू शकतो. म्हणून आज्ञा वेगळी व तीत भरावयाची मूल्ये वेगळी, अशा रीतीनेच ती डेटाबेसकडे सोपवावी. पृष्ठावरील तपासणी भरणाऱ्याच्या सोयीसाठी असते. ती चुकवून मजकूर पाठविता येत असल्याने सर्व्हरवर पुन्हा तपासणी केलीच पाहिजे.

पृष्ठ जागेवर राहिले म्हणजे नोंद झाली असे नाही, हे लक्षात ठेवून दिवसाचे काम आटोपल्यावर नोंदींची यादी नव्याने उघडावी व रजिस्टरशी ताडून पाहावी. संपर्क वारंवार तुटणाऱ्या गावांसाठी काही प्रपत्रे अर्धवट मजकूर त्याच संगणकावर राखून ठेवतात. ही सोय चांगली; पण तो केवळ मसुदा असतो, डेटाबेसला त्याची गंधवार्ताही नसते. संगणक दुसऱ्याचा किंवा बाजारच्या गावातील दुकानातला असेल, तर मुलांची नावे व जन्मतारखा तेथे मागे राहतात. नोंदीचा क्रमांक हाती आला की तो मसुदा पुसूनच जागेवरून उठावे.