खर्च झाला, पण गवतावर नाही
१९७२च्या दुष्काळाने महाराष्ट्राला रोजगार हमी दिली, आणि गावोगावच्या माळांवर सरकारी पैसा उतरू लागला. पाठोपाठ १९७३-७४मध्ये अवर्षणप्रवण क्षेत्र कार्यक्रम आला. त्याआधी गायरानाला वेगळा खर्च असा नव्हताच. पावसाळ्यात कुरण बंद ठेवायचे, गवताचे बी पडले की मोकळे करायचे. ही रीत जिथे टिकून होती, तिथे राखणदाराचे पोट गावच भरत असे. जमिनीची मालकी शासनाची, देखभाल ग्रामपंचायतीची, आणि तरतूद कुणाचीच नाही, ही आजची अवस्था पुढे आली.

१९८२मध्ये सामाजिक वनीकरण सुरू झाले. गायरानांवर सुबाभूळ, निलगिरी, ग्लिरिसिडिया लागले. यात कुणाचा दुष्ट हेतू नव्हता, सोय होती. खड्डे मोजता येतात, रोपे मोजता येतात, मोजमाप पुस्तिकेत नोंद होते आणि बिल निघते. वणव्याआधी काढायच्या जाळपट्ट्याला आणि काठी घेऊन वर्षभर उभ्या राहणाऱ्या माणसाला या पुस्तिकेत फारशी जागा नाही. योजना तीन-चार वर्षांत संपते, राखणदार घरी जातो, कुंपण मोडते. मग मारवेल, पवना संपतात आणि उरते ती कुसळी.

सोलापूरजवळच्या नान्नजला याच अवर्षणप्रवण कार्यक्रमातून काही माळ चराईपासून राखले गेले. तिथे गवत वाढले आणि माळढोकाला आसरा मिळाला. १९७९मध्ये अभयारण्य जाहीर झाले. पण त्याच माळावर झाडेही लावली गेली. उघड्यावर राहणाऱ्या पक्ष्याला झाडी देऊ करणारा हा खर्च मला आजही कोड्यात टाकतो. नियोजन आयोगाच्या गवताळ प्रदेशांविषयीच्या कृतिगटाने २००६मध्ये गवताळ माळांच्या उपेक्षेवर बोट ठेवले होते. तरी २०१६च्या दोन कोटींपासून २०१९च्या तेहतीस कोटींपर्यंत वृक्षलागवडीचे संकल्प वाढतच गेले, आणि माळ रिकामाच समजला गेला.

गवतासाठी पैसा नव्हता, असेही म्हणता येत नाही. २०१९च्या उन्हाळ्यात राज्यात दीड हजारांच्या घरात चारा छावण्या होत्या आणि त्यांत दहा लाखांच्या आसपास जनावरे. मोठ्या जनावरामागे रोजचे अनुदान ७० रुपयांवरून शेवटी १०० रुपयांवर गेले. लहान जनावरांना निम्मे धरले, तरी रोजचा आकडा कित्येक कोटींचा होतो. त्यात बराचसा चारा उसाचा, तोही लांबून आणलेला. २०१७च्या महामेष योजनेत वीस मेंढ्या आणि एक नर ७५ टक्के अनुदानावर मिळू लागले. मेंढ्या चरायच्या कुठे, हा प्रश्न धनगराच्याच गळ्यात राहिला.

दरम्यान गायराने आटत गेली. सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी २०११मध्ये सामायिक जमिनींवरील अतिक्रमणे काढण्याचा आदेश दिला. २०२२मध्ये मुंबई उच्च न्यायालयात राज्यातील गायरानांवरच्या दोन लाखांहून अधिक बांधकामांचा हिशेब आला. त्यांत भूमिहीनांची घरे आहेत, हे विसरून बुलडोझरची भाषा करणे मला पटत नाही. पण अतिक्रमणाची मोजणी होते तशी उरलेल्या गवताची कधी झाल्याचे ऐकिवात नाही.

हिवरे बाजार या गावाने वेगळी वाट धरली. १९९०च्या दशकात चराईबंदी, कुऱ्हाडबंदी झाली. गवत कापून न्यायची मुभा राहिली. २०००च्या सुमारास शंभर टन निघणारे गवत चार-पाच वर्षांत सहा हजार टनांवर गेल्याची नोंद आहे. सरकारी पैसा तिथेही आलाच. फरक एवढाच की चर खोदून झाल्यावरही राखण सुरू राहिली, आणि ती गावाने केली.

माझ्या मते एका राखणदाराची बारमाही मजुरी ही गायरानावरची सर्वांत स्वस्त गुंतवणूक आहे. पंधरा ऑगस्टच्या ग्रामसभेत विकास आराखड्याची चर्चा निघाली, तर गायरानाच्या राखणीसाठी त्यात किती रुपये ठेवलेत, एवढे उभे राहून विचारा.